दोन माळांचं पाणी

“बोलू नका, अक्का. आधी श्वास धरा, मग कान लावा.”

लालसाब चावीवाल्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. गल्लीच्या तोंडाशी, भर सकाळी, साऱ्या बायकांच्या देखत मी रस्त्यावर उकिडवी बसले होते. त्यांच्या लोखंडी गजाचं एक टोक जमिनीतल्या नळावर टेकलेलं आणि दुसरं माझ्या कानामागच्या हाडाला. उजव्या हातात जप अर्धवट राहिलेली माळ तशीच होती. आणि त्याच दिवशी दुपारी तीन वाजता, मी केलेल्या तक्रारीवरून, त्या माणसाच्या खांद्यावरची चावी काढून घेतली जाणार होती.

सव्वीस वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा आमच्या शहराला पाच दिवसांनी पाणी यायचं. टाकीवरून आमच्या कोष्टी गल्लीच्या वाट्याला एक तास. लालसाब सकाळी सायकलवरून यायचे, रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचे आणि पुरुषभर उंचीची चावी खाली घालून फिरवायचे. मग घराघरांतून आरोळी उठायची, “आलं गं!” बारीक अंगाचे, पिकल्या दाढीचे, खाकी शर्टातले लालसाब तेवढ्यात पुढच्या चौकात गेलेले असायचे. त्यांच्याशी कुणी कधी चार शब्द बोललं असेल असं मला आठवत नाही. पाणी आलं की देवाचं नाव आणि नाही आलं की लालसाबचं, अशी आमची रीत.

आम्ही लिंगवंत. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा नेम मी नऊ वर्षांची असल्यापासून पाळते. पाण्याच्या दिवशी त्यात माझी आणखी एक भर होती. नळाला नळी लावायची, पायरीवर बसायचं आणि डाव्या हातानं नळी या हंड्यातून त्या पिंपात सरकवत उजव्या हातानं जप करायचा. नळ येतो तेव्हा पहिला मणी, नळ जातो तेव्हा अकरावी माळ पुरी. मग ताज्या पाण्यानं पूजा, मग चहा. वर्षानुवर्षं यात एका माळेचाही फरक पडला नव्हता. कधी अर्धी माळ इकडेतिकडे, एवढंच.

त्या फाल्गुनात नऊ माळा झाल्या आणि नळ गेला.

मला वाटलं, मन कुठंतरी भटकलं असेल, मणी सुटले असतील. पुढच्या पाळीला मुद्दाम सावकाश जप केला. नऊच. तिसऱ्या पाळीलाही नऊच.

समोरच्या शेटेकाकूंनी हंडे उचलता उचलता विचारलं, “महानंदा, किती झाल्या गं?”

“नऊ, काकू.”

“नऊच? अगं, माझं पिंप अर्ध्यावर आहे!”

“दोन कमी आहेत. तिसऱ्यांदा.”

काकूंनी हंडा खाली ठेवला. “ऐकलंत का गं सगळ्यांनी? घड्याळाला किल्ली द्यावी लागते, हिच्या माळेला लागत नाही. चला, आजच्या आज पालिकेत.”

मी म्हटलं, “काकू, मी कशाला? मला चारचौघांत बोलता येत नाही.”

“बोलायला मी आहे. तू फक्त माळ घेऊन चल.”

पाणीपुरवठ्याचे अभियंता नागरगोजे साहेब नवेच आले होते. टेबलावर फायलींचा डोंगर आणि त्यामागे थकलेला माणूस. काकूंचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी मला विचारलं, “एक माळ म्हणजे किती वेळ, ताई?”

“एक माळ, साहेब.”

ते हसले. “इथं करून दाखवाल?”

मी डोळे मिटले. माळ पुरी झाली तेव्हा ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. साडेपाच मिनिटं. “परत एकदा?” म्हणाले. परत साडेपाच. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आमच्या टाकीवरच्या घड्याळापेक्षा बरी आहे,” ते म्हणाले. “म्हणजे अकरा मिनिटं. टाकीवरून पुरतं तासाचं पाणी सुटतं, ते मी स्वतः उभा राहून बघितलंय. मग ही अकरा मिनिटं जातात कुठं? लालसाब टँकरवाल्यांना पाणी विकतो की काय?”

“विकतच असणार,” काकू म्हणाल्या.

साहेबांनी कागद ओढला. पुढच्या पाण्याच्या दिवशीच दुपारी तीनला सुनावणी ठेवली. लालसाबना समाधानकारक उत्तर देता आलं नाही तर चावी काढून घ्यायची, निलंबन करायचं. शेजारचा कारकून हळूच म्हणाला, “दोनच महिने राहिलेत साहेब त्यांच्या पेन्शनला. चौकशी लागली तर कागद अडकतील.”

“अडकू देत. पाणी चोरताना आठवलं नाही?”

मी खाली मान घालून उभी होते. वाईट वाटत होतं म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता. माझ्या जपाची खूण सरकारी कागदावर उमटली होती.

मग तो दिवस उगवला. नळ आला, मी पायरीवर बसले. आठवी माळ संपत आली असेल, तेवढ्यात दारात सायकल थांबली. लालसाब पायरीपासून चार हात लांब उभे राहिले. खांद्यावर चावी, हातात एक सडपातळ गज.

“अक्का, तुमची माळ खरी आहे,” ते म्हणाले. “आज दुपारी घड्याळ खोटं पडेल, तुमची माळ पडणार नाही. तक्रारीचं मला काही नाही.”

मी जप थांबवला नाही, नुसती मान वर केली.

“आजही मी नऊवरच बंद करणार आहे. उद्या चावी हातात नसेल, पण आज आहे. तेवढं तुम्ही चला आणि डोळ्यांनी बघा. मी काही मागायला आलेलो नाही. खरं बोलायचा नेम आहे म्हणतात तुमचा. तर पुरतं बघून बोला.”

नववी माळ संपायला आली होती. मी नळी पिंपात सोडली, पदर खोचला आणि त्यांच्यामागे निघाले.

“अगं, कुठं निघालीस त्याच्याबरोबर?” काकू दारातून ओरडल्या.

“येते, काकू.”

गल्लीच्या तोंडाशी झाकण उघडंच होतं. त्यांनी गज खाली सोडला आणि मला बसायला सांगितलं. मी बसले. श्वास धरला. कान लावला.

आधी काहीच नव्हतं. मग लांबच्या घरात पहाटे कुणी जातं ओढावं तशी घरघर ऐकू आली. त्या घरघरीच्या आत दुसरा बारीक आवाज होता, त्याच्या आत तिसरा. लालसाब माझ्या चेहऱ्याकडे बघत हळू आवाजात सांगत होते. “तो ठणठण आहे ना, तो शेट्यांचा. पत्र्याच्या टाकीत पडतंय. त्याच्या अलीकडचा जाडा आवाज तुमचा, पिंप भरत आलंय तुमचं. तो फुरफुरतोय तो सुतारांचा. वायसर गेलंय त्यांचं, तीन वर्षं सांगतोय, बदलत नाहीत. आणि हा एक सरळ सूर, ऐकलात? मोटार लावलीय कुणीतरी. नाव सांगत नाही.”

बावीस वर्षं मी त्या रस्त्यावरून चालले होते. देवळात गेले, बाजारात गेले, दोन बाळंतपणं करून आले. आणि पायाखाली हे सगळं अखंड बोलत होतं. गळ्यातल्या करडगीत, त्या छोट्या डबीत, माझं लिंग असतं, ते दिसत नाही, पण आहे हे मला ठाऊक असतं. तसं काहीतरी या दगडमातीच्या आत आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

“नऊ झाल्या?” त्यांनी विचारलं.

मी शेवटचा मणी ओढला. “झाल्या.”

त्यांनी चावी घातली आणि फिरवायला लागले. झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून हात काढावा, तितकी हळू. “एकदम बंद केलं तर पाणी डोकं आपटतं, अक्का. जुना नळ आहे, फुटतो.” गजातली घरघर एकेक करून विरत गेली. काकूंचा ठणठणाट थांबला, माझा जाडा आवाज थांबला. गल्लीतून ओरडा उठला, “गेलं! मेल्यानं आजही नेलं!” लालसाबनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारचा दुसरा, गंजलेला व्हॉल्व्ह त्यांनी त्याच चावीनं उघडला.

“आता ऐका.”

मी परत कान लावला. या वेळी कुठंही पडण्याचा आवाज नव्हता. नुसतं जाणं होतं. मोठं, गंभीर, उताराला लागलेलं जाणं.

“चला. पाण्याला वाकणं घेत जावं लागतं, आपण सरळ उतरू. त्याच्या आधी पोचायला पाहिजे.”

गल्लीमागच्या उतारानं पाच मिनिटं खाली गेलं की जुनी दगडाची खाण लागते. मी तिथं कधी गेले नव्हते. खाणीच्या कडेला वीसएक झोपड्या होत्या आणि त्यांच्यापुढं, जमिनीतून वर आलेल्या एका नळाच्या तोंडापासून, भांड्यांची रांग लागली होती. घागरी, डबे, एका ठिकाणी लोखंडी घमेलंसुद्धा. बायका उभ्या होत्या, पण एक शब्द नव्हता. आमच्या गल्लीत पाण्याच्या वेळी कान किटतात. इथं देवळाच्या गाभाऱ्यात असावी तशी शांतता होती.

नळाच्या तोंडाशी एक म्हातारी बसली होती. तिनं आपला तळवा नळासमोर धरला होता.

“काय, यल्लव्वा?” लालसाबनी विचारलं.

“वारा यायलाय,” ती म्हणाली. “गरम हाय अजून.”

आम्ही थांबलो. नळातून हवा येत होती, शीळ घातल्यासारखी. म्हातारीचे डोळे मिटलेले. मग ती म्हणाली, “गार झाला.” तेवढंच. रांगेतल्या प्रत्येक बाईनं आपली घागर उचलून हातात घेतली.

आणि पाणी आलं. आधी लाल, गढूळ, गाळाचं. ते त्यांनी पत्रा लावून बाजूच्या खड्ड्यात जाऊ दिलं, तिथं दोन गाढवं तोंड घालून उभी होती. मग पाणी निवळलं. पहिली घागर लागली, भरली, निघाली. दुसरी लागली. भांडं हलताना मधे थेंब पडत नव्हता, एकीच्या हाताखाली दुसरीचा हात तयार असायचा. घराला दोन भांडी. कुणी तिसरं पुढं केलं नाही, कुणाला सांगावंही लागलं नाही. माझ्या बोटांनी न सांगताच माळ धरली होती. दहावी. अकरावी. अकरावीचे सात-आठ मणी राहिले असताना शेवटचा डबा भरला, नळानं उसासा टाकला आणि थांबला.

मी लालसाबकडे वळले.

“ही वस्ती कागदावर नाही, अक्का,” ते म्हणाले. “जागा सरकारी. कागदावर इथं दगड आहेत, माणसं नाहीत. आणि कागदावर जो नाही त्याला नळ देता येत नाही.”

“मग हे पाणी?”

“हे लाईन धुण्याचं. नळाच्या टोकाला गाळ बसतो, तो धुवून काढायचा असतो. महिन्यातनं एकदा. मी दर पाळीला धुतो. कागदावर हे पाणी वाया गेलेलं आहे.” ते थोडं हसले. “आधी अर्ध्या माळेत भागायचं. खाणीच्या डबक्यात पाणी असायचं. यंदा डबकं आटलं.”

“साहेबांना का सांगत नाही तुम्ही?”

“सांगितलं तर माझी चावी वाचेल. आणि संध्याकाळच्या आत या नळाला टोपण बसेल. साहेब वाईट नाहीत. पण त्यांना एकदा ठाऊक झालं, की गप्प राहता येणार नाही.”

म्हातारी यल्लव्वा तांब्या घेऊन आली. “घ्या, अक्का. उन्हाचं आलाव.”

माझा घसा कोरडा पडला होता, आदल्या रात्रीपासून पाणी नव्हतं. “पूजा व्हायची आहे माझी. त्याआधी घेत नाही मी.”

“मग करा की पूजा.” तांब्या तिनं तसाच धरला होता. “आमचं पाणी चालतंय न्हवं तुमच्या द्येवाला?” मी काही बोलायच्या आत तीच खदखदून हसली. “आन् आमचं कसलं! तुमच्याच गल्लीतनं आलंय की. आमी तर नुस्ती चारी खणली. ह्यो नळ पुरला तवा माझा नवरा होता, मी होते, पोटुशी. तुमच्या गल्लीत शेट्याच्या वट्यावर बाळंत झाले मी. त्या घरच्या बाईनं तिचं लुगडं फाडून दिलं. पोरगी झाली, तर म्हटलं गंगव्वा ठेवू. ती बघा, ती, घमेलं घेऊन चाललीय ती.”

मी एका दगडावर बसले. पदराच्या गाठीतली विभूती सोडली, करडगीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि त्या तांब्यातलं पाणी वाहिलं. रोज वाहते तसंच. पण त्या दिवशी ते पाणी बोटांतून उतरताना मला वरच्या चावीपासून इथपर्यंतचं सगळं ऐकू येत होतं. जात्यासारखी घरघर, ते उताराचं गंभीर जाणं, म्हातारीच्या तळव्यावरचा गार वारा. देवाला आपण पाणी वाहतो, असं मी तीस वर्षं समजत होते. वाहणारं कोण आणि कुठून, ते मी कधी विचारलं नव्हतं. मग पूजेनंतरचं तीर्थ घेतलं.

लालसाब पाठ करून उभे होते. मग आम्ही चढ चढून परत आलो.

तीन वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही सहा बायका होतो आणि समोर लालसाब, चावी भिंतीला टेकवून. काकू रागानं लाल झाल्या होत्या. सकाळपासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

“अकरा मिनिटांचं पाणी कुठं जातं, लालसाब?”

“लाईन धुतो, साहेब.”

“दर पाचव्या दिवशी? नियम महिन्यातून एकदाचा आहे.”

लालसाबनी भिंतीला टेकवलेली चावी सरळ केली.

“कुणाला विकता?”

“विकत नाही, साहेब.”

“मग?”

लालसाब खाली बघत होते. साहेबांनी सुस्कारा सोडून पेन उघडलं आणि मग माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही सांगा. आज किती कमी आलं?”

खोटं बोलायचं नव्हतं. खरं पुरतं बोलायचं नव्हतं. उभ्या उभ्या मी करडगीवर हात ठेवला.

“दोन माळा, साहेब.”

“म्हणजे कमी सोडलं, हे खरं.”

“कमी आलं हे खरं. पण आजच्या त्या दोन माळा मी दिल्या.”

“दिल्या? कुणी मागितल्या?”

“मागितल्या नाहीत. सकाळी मी तिथं होते. माझ्या वाट्याचं होतं, ते मी दिलं.”

“हिच्या वाट्याचं!” काकू उसळल्या. “आणि आमच्या? आम्ही कधी दिलं? कुणाला दिलं ते तरी कळू दे!”

मी काकूंकडे वळले. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण त्या एकट्याच समोर आहेत असं धरून मी बोलले. “काकू, तुमच्या दारावरून हा नळ ज्यांनी पुरला, त्यांना. तुमच्या ओट्यावर एक बाळंत झाली होती बघा. तुम्ही लुगडं फाडलं होतं. तिची मुलगी आज घमेल्यातून पाणी नेत होती.”

काकूंनी हळूहळू पदर सावरला. भिंतीला टेकलेल्या चावीकडे बघितलं.

“ती जगली?” त्यांनी विचारलं. “लई बारकी होती गं. मला वाटलं होतं, नाही राहायची.”

“जगली, काकू. गंगव्वा नाव आहे.”

साहेब एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. “मला काही समजेल असं कुणी बोलेल का?”

“नका समजून घेऊ, साहेब,” काकू म्हणाल्या. आवाजाला परत धार आली होती, पण ती वेगळी होती. “हे बघा, माझ्याजवळ घड्याळ नाही. मी हिच्या माळेवर भरवसा ठेवून तक्रार केली होती. आता तीच म्हणते की दिलं, तर मीही दिलं. या चौघींनीही दिलं. काय गं?” मागच्या चौघींनी एकमेकींकडे बघत माना हलवल्या. काकूंच्या पुढे त्यांनी दुसरं काय केलं असतं म्हणा. “आमची तक्रार नाही. लिहा.”

साहेब खुर्चीत मागे टेकले. खिडकीतून लांबवर खाणीचा पांढरा कडा दिसत होता. ते तिकडे बघत होते की नुसतेच बाहेर, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी कागद जवळ घेतला.

“टोकाला गाळ फार असतो का, लालसाब?”

“फार, साहेब.”

“दर पाळीला धुवावी लागते?”

“लागते.”

“किती वेळ?”

लालसाबनी पहिल्यांदाच मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. “दोन माळा, साहेब.”

साहेबांनी लिहिलं, मग वाचून दाखवलं. तक्रारदारांची तक्रार उरली नाही. कोष्टी गल्लीची लाईन दर पाळीला टोकाशी अकरा मिनिटं धुण्यात यावी. खाली सही. “जा आता,” ते म्हणाले. “आणि ताई, ती माळ परत इथं आणू नका. सगळ्या घड्याळांवरचा विश्वास उडेल माझा.”

बाहेरच्या कडुलिंबाखाली लालसाबनी मला गाठलं.

“अक्का, आता मात्र मागतो,” ते म्हणाले. “मी दोन महिन्यांनी जाईन. साहेब बदलतील. कागद फायलीत जाईल, नवा माणूस तो वाचणार नाही. त्याला वरून हाकाच तेवढ्या ऐकू येतील, पाणी सोड, पाणी सोड. खालून तर कुणी हाक मारत नाही. नऊ झाल्या, एवढं त्याला कुणीतरी जाऊन सांगायला पाहिजे. चावीवाला बदलतो, गल्ली बदलत नाही.”

“मी सांगेन,” मी म्हटलं.

“दर पाळीला?”

“दर पाळीला.”

वैशाख अखेरीला ते निवृत्त झाले. हार नाही, नारळ नाही. संध्याकाळी माझ्या दाराशी सायकल थांबली, त्यांनी आपला गज माझ्या भिंतीला टेकवला आणि ते गेले.

पुढच्या पाळीपर्यंत पाणी आठ दिवसांवर गेलं होतं. सुट्टीला नणंद लेकरांसह आलेली, घरात नऊ माणसं. आदल्या दिवशी पिण्याचं पाणी वाटीनं दिलं होतं मी. सकाळी नवा चावीवाला आला, चावी फिरवली आणि कोपऱ्यावरच्या टपरीत चहा प्यायला बसला. नळाची धार बारीक होती. नळी पिंपात टाकून मी पायरीवर बसले आणि पहिला मणी ओढला.

पाचव्या माळेला पिंपाचा तळ झाकला. सातव्या माळेला लेकरं येऊन वाकून बघून गेली. नणंद म्हणाली, “वहिनी, आज आंघोळीपुरतं तरी होईल ना?” आठवी. पिंप अर्ध्यावर पोचलं नव्हतं. टपरीतला माणूस दुसरा चहा सांगत होता. खाली खाणीत या वेळी यल्लव्वा नळाच्या तोंडाशी तळवा धरून बसली असेल, वारा अजून गरमही आला नसेल.

नववी माळ पुरी झाली.

मी उठले. आमच्या नळाची तोटी हातानं बंद केली. लेकरं माझ्याकडे बघत राहिली, नणंद काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. माळ गळ्यात घातली, भिंतीचा गज उचलला.

समोर शेटेकाकू त्यांच्या पत्र्याच्या टाकीजवळ उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या गजाकडे बघितलं, मग खाली वाकून स्वतःची तोटी पिळली. ठणठण थांबली.

“ऊन लागेल,” त्या म्हणाल्या. “डोक्यावरून पदर घे.”

मी पदर घेतला आणि पायरी उतरून गल्लीच्या तोंडाकडे, टपरीच्या दिशेनं चालू लागले.